संगणकाचा जीर्णोद्धार करण्यापूर्वीं

नाताळाची सुटी संपून शाळा पुन्हां भरली, त्या आठवड्यांतील गोष्ट. दहावीच्या वर्गांतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत आमच्याकडे आला. खेळांसाठीं म्हणून त्यानें घरीं एक संगणक जुळविलेला आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. धान विकल्यावर वडिलांनीं दिलेले कांहीं रुपये व स्वतः दोन वर्षें सांठविलेले कांहीं, असे एकत्र करून त्यानें त्या संगणकासाठीं नागपुराहून नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर व नवी रॅम आणविली होती. त्याचा प्रश्न असा, "सर, हे भाग बदलल्यावर विंडोज पुन्हां टाकावी लागेल, कीं जुनीच चालेल?" त्याच्या एका मित्रानें सांगितलें होतें कीं टाकावीच लागते, दुसऱ्यानें सांगितलें कीं मुळींच लागत नाहीं, आणि तिसऱ्यानें तर, "माझ्याजवळ सगळें तयार असलेला पेनड्राइव्ह आहे, वीस मिनिटांत काम करून देतों," असें आश्वासन दिलें होतें.

आम्हीं त्यास उत्तर देण्याऐवजीं उलट विचारलें, "तुझ्या जुन्या संगणकांत असें काय आहे, कीं जें गेलें तर पैसे देऊनहि परत मिळणार नाहीं?" त्यानें प्रथम खेळांचीं नांवें सांगितलीं. पण खेळ पुन्हां उतरवून घेतां येतात. मग शाळेचे प्रकल्प सांगितले. तेहि पुन्हां लिहितां येतात. नंतर तो थोडा वेळ थांबला व हळूच म्हणाला, "आजीनें म्हटलेलीं रोवणीचीं गाणीं आहेत, सर. बाबांच्या फोनमध्यें घेतलीं होतीं. तो फोन फुटला. आजी गेल्या पावसाळ्यांत वारली." त्या गाण्यांची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती.

संगणकाचे भाग बदलणें व त्याची कार्यप्रणाली पुन्हां बसविणें हें काम आतां आमच्या सानगडीसारख्या गांवींहि मुलें घरच्या घरीं करूं लागलीं आहेत. त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. किंबहुना यंत्र आंतून कसें चालतें हें समजण्यास याहून चांगली पाठशाळा नाहीं. परंतु आमचा अनुभव असा कीं, कार्यप्रणाली बसविण्याचें काम तासाभराचें असतें, आणि त्यापूर्वीं करावयाचें काम एका दिवसाचें असतें. बहुतेक लोक पहिलें काम उत्साहानें करितात व दुसरें विसरतात. म्हणून हा लेख.

प्रथम, कार्यप्रणाली म्हणजे काय तें समजून घेऊं. संगणक ही एक शाळा आहे असें क्षणभर धरून चाला. इमारत, वर्गाच्या खोल्या, बांकें व फळे म्हणजे संगणकाचे यांत्रिक भाग. निरनिराळे विषय शिकविणारे शिक्षक म्हणजे त्यांतील खेळ व इतर प्रोग्राम. मुलांच्या वह्या म्हणजे तुमच्या फाइली. आणि कोणास कोणती खोली द्यावयाची, कोणी किती वेळ घ्यावयाचा, घंटा केव्हां वाजवावयाची, हें सर्व ठरविणारा मुख्याध्यापक म्हणजे कार्यप्रणाली, अर्थात् ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज ही एक कार्यप्रणाली. लिनक्स हें दुसऱ्या कार्यप्रणालींचें एक मोठें कुळ. मुख्याध्यापकाच्या कमरेला किल्ल्यांचा एक जुडगा असतो. प्रत्येक खोलीची किल्ली वेगळी. संगणकांत या किल्ल्यांस ड्रायव्हर असें म्हणतात. ध्वनि, चित्र, इंटरनेट, चकती यांपैकीं प्रत्येक भागाशीं बोलण्यासाठीं कार्यप्रणालीस त्या भागाचा ड्रायव्हर लागतो.

आतां मूळ प्रश्नाचें उत्तर सोपें होतें. शाळेंत चार बांकें वाढविलीं तर मुख्याध्यापक बदलावा लागत नाहीं. त्याचप्रमाणें रॅम वाढविली तर कार्यप्रणाली पुन्हां बसविण्याचें कारण नाहीं. दुसरी चकती जोडली तरी कारण नाहीं. ग्राफिक्स कार्ड बदललें तर एका खोलीचें कुलूप बदलल्यासारखें होतें: जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढून टाकावा व नव्या कार्डाचा, तें करणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घेऊन, बसवावा, एवढ्यानें भागतें. त्याच मदरबोर्डावर चालणारा दुसरा प्रोसेसर बसविला, तरीहि बहुधा जुनीच कार्यप्रणाली चालते. मात्र नव्या प्रोसेसरची ओळख पटावी म्हणून मदरबोर्डाच्या मूळ प्रोग्रामाची, म्हणजे बायोसची, नवी आवृत्ति त्यापूर्वीं घालावी लागण्याचा संभव असतो.

परंतु मदरबोर्ड बदलणें म्हणजे शाळेची इमारतच बदलणें होय. मुख्याध्यापक जुन्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन नव्या इमारतीच्या दारांत उभा राहतो. २००१ साली निघालेल्या विंडोज एक्सपीच्या काळीं अशा वेळीं बहुधा निळा पडदा दिसून संगणक दारांतच अडून बसे. कारण ज्या चकतीवर सर्व कांहीं ठेवलेलें आहे, ती उघडण्याचीच किल्ली त्याजवळ नसे. विंडोज १० व ११ यांची गोष्ट निराळी आहे. नव्या मदरबोर्डावर प्रथम सुरू होतांना त्या नव्या भागांची ओळख करून घेतात, आपल्या भांडारांतून वा इंटरनेटवरून नव्या किल्ल्या मिळवितात, व बहुधा चालूं लागतात. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर तर तिच्या गाभ्याबरोबरच येतात. त्यामुळें ती नव्या इमारतींत पुष्कळदां पहिल्याच दिवशीं घरच्यासारखी वावरते.

म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या पहिल्या दोन मित्रांपैकीं प्रत्येकाचें म्हणणें अर्धें खरें होतें. असें असूनहि मदरबोर्ड बदलल्यास कार्यप्रणाली नव्यानें बसवावी, असाच आमचा सल्ला आहे. आणि त्याचें कारण एका उदाहरणानें सांगतों. समजा, जुनीच विंडोज तशीच चालू ठेवली, आणि आठ दिवसांनीं खेळ ऐन रंगांत आला असतां संगणक अचानक बंद पडला. आतां दोष कोणाचा? नव्या रॅमचा, नव्या मदरबोर्डाचा, कीं मागें राहून गेलेल्या एखाद्या जुन्या ड्रायव्हरचा? हें ठरविणें कठीण जातें, आणि दुकानदाराकडे माल बदलून मागावयाचा तर तोहि प्रथम हेंच विचारतो, "विंडोज नवी टाकून पाहिली काय?" कार्यप्रणाली नव्यानें बसविली असेल तर संशयितांपैकीं एक जण आधींच सुटतो. नागपूरची बाजारपेठ जेथून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे, तेथें ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरें कारण चकतीच्या आंखणीचें आहे. जुन्या पद्धतीच्या संगणकांत चकतीची आंखणी एमबीआर नांवाच्या रीतीनें केलेली असे. या रीतींत चकतीचा सुमारें २ टेराबाइटांपर्यंतचाच भाग वापरतां येतो. नव्या मदरबोर्डांत बायोसच्या जागीं यूईएफआय ही व्यवस्था असते, व ती जीपीटी नांवाच्या आंखणीची अपेक्षा करिते. त्यामुळें जुन्या आंखणीची चकती नव्या यंत्रास जोडली असतां कित्येकदां ती दिसते, पण तीवरून संगणक सुरू होत नाहीं. एक आंखणी दुसरींत बदलण्याचें साधन २०१७ पासून विंडोज १० मध्येंच दिलेलें आहे. पण नव्यानें कार्यप्रणाली बसवितांना ही गोष्ट आपोआप उरकते.

येथें काळाचाहि विचार केला पाहिजे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ज्यांनी वेगळी नोंदणी केली त्यांच्यासाठीं सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी कांहीं मुदत मिळण्याची सोय कंपनीनें ठेवली. पण नवें यंत्र बांधतांना मुदत संपलेली कार्यप्रणाली त्यांत घालणें शहाणपणाचें नव्हे. विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघाली. तिला निदान ४ गिगाबाइट रॅम व ६४ गिगाबाइट जागा तर लागतेच. शिवाय यूईएफआय, सिक्युअर बूट व टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची व्यवस्थाहि लागते. इंटेलच्या प्रोसेसरांपैकीं सामान्यतः आठव्या पिढीपासूनचे तिला चालतात. द्राक्षारस व जुने बुधले यांचा दृष्टांत आपल्या उपासनेंत अनेकदां ऐकलेला आहे. नवी कार्यप्रणाली जुन्या यंत्रांत कोंबूं पाहणाऱ्यास त्याचा अर्थ एका संध्याकाळींच समजतो. खेळांच्या बाबतींतहि हें लागू आहे. वॅलोरंट हा खेळ विंडोज ११ वर टीपीएम व सिक्युअर बूट हीं दोन्ही चालू असल्यावांचून चालत नाहीं. नव्या मदरबोर्डांत टीपीएम बहुधा असतेंच, पण त्याचें नांव वेगळें असतें: एएमडीच्या मदरबोर्डांवर एफटीपीएम, इंटेलच्या मदरबोर्डांवर पीटीटी. तें कधीं कधीं बंद असतें. सुरुवातीच्या मांडणींत जाऊन तें चालू करावें.

आतां त्या एका दिवसाच्या कामाकडे वळूं. त्याचे चार भाग आहेत: फाइली, कुलूप, परवाना व खेळ.

फाइलींविषयीं प्रथम. पुष्कळांची समजूत असते कीं, "माझें सर्व कांहीं डी ड्राइव्हमध्यें आहे, सी पुसली तरी चिंता नाहीं." ही समजूत धोक्याची आहे. डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल, तसेंच डॉक्युमेंट्स, पिक्चर्स व डाउनलोड्स यांतील सर्व कांहीं, मुद्दाम हलविलें नसल्यास सी ड्राइव्हमध्येंच असतें. आमच्या विद्यार्थ्याच्या आजीचीं गाणीं डेस्कटॉपवरच होतीं. खेळांत जेथवर मजल मारली त्याच्या नोंदीहि बहुधा डॉक्युमेंट्समध्यें वा ॲपडेटा नांवाच्या झांकलेल्या फोल्डरमध्यें असतात. स्टीमसारख्या व्यवस्थेंत कांहीं खेळांच्या अशा नोंदी इंटरनेटवर आपोआप जपल्या जातात, पण सर्वच खेळांच्या नव्हे. म्हणून एक वही घ्यावी व "यांत असें काय आहे, कीं जें पुन्हां मिळणार नाहीं?" या प्रश्नाचें उत्तर घरांतील प्रत्येकास विचारून लिहून काढावें. मुलगा खेळांचा विचार करील. आईस लग्नांतील छायाचित्रें आठवतील. वडिलांस सातबाऱ्याचे कागद आठवतील. मग त्या सर्वांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं कराव्या, आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे, नुसती आशा होय.

या बाबतींत आम्हीं स्वतः केलेली एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं कचेरींतील एका संगणकाची कार्यप्रणाली आम्हीं नव्यानें बसविली. जुन्या वार्षिक अंकांच्या मराठी फाइली आम्हीं जपून बाजूस काढल्या होत्या. नंतर त्या उघडून पाहतों, तर मराठीच्या जागीं रोमन अक्षरें व विचित्र चिन्हें! कारण असें कीं, युनिकोड प्रचारांत येण्यापूर्वीं मराठी मजकूर श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या साधनांनीं टाइप होत असे. त्या पद्धतींत फाइलीमध्यें खरोखर देवनागरी नसतेच. विशिष्ट अक्षरसंच, म्हणजे फॉन्ट, जवळ असला तरच ती देवनागरी दिसते. आम्हीं फाइली जपल्या, पण अक्षरसंच पुसून टाकले. अखेर एका जुन्या कपाटांत मूळ चकती सांपडली म्हणून तीं पानें पुन्हां वाचतां आलीं. विंडोज २००० पासून युनिकोडमधील देवनागरीची सोय झाली, व तीबरोबर येणारा मंगल हा अक्षरसंच तर आपल्याच र. कृ. जोशी यांनीं घडविलेला आहे. आज युनिकोडमध्यें लिहिलेल्या मजकुरास ही भीति नाहीं. परंतु ज्या घरीं जुन्या पत्रिका, वंशावळी वा भजनें जुन्या अक्षरसंचांत टाइप केलेलीं असतील, त्यांनीं अक्षरसंचाच्या फाइलीहि बरोबर जपाव्या, व शक्य तर त्या पानांच्या पीडीएफ प्रती करून ठेवाव्या.

दुसरा भाग कुलुपाचा. चकतीवरील माहिती चोरास वाचतां येऊं नये म्हणून विंडोज ती सांकेतिक रूपांत ठेवूं शकते. या व्यवस्थेस बिटलॉकर म्हणतात, व नव्या संगणकांत मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें प्रवेश केल्यास ती कित्येकदां मालकास न कळतांच चालू झालेली असते. या कुलुपाची किल्ली मदरबोर्डावरील टीपीएममध्यें असते. म्हणजे मदरबोर्ड काढला कीं किल्लीहि गेली! मग चकती नव्या यंत्रास जोडल्यावर ४८ अंकी पुनःप्राप्ति-क्रमांक मागितला जातो. तो जवळ असेल तर कांहीं अडत नाहीं. नसेल तर ती माहिती कोणासहि उघडतां येत नाहीं. यास्तव भाग बदलण्यापूर्वींच, जुना संगणक चालू असतांना, हें कुलूप लावलेलें आहे काय तें पाहावें. असल्यास क्रमांक कागदावर उतरून घ्यावा, आणि शक्य तर कुलूप काढून मगच स्क्रू-ड्रायव्हर हातीं घ्यावा.

तिसरा भाग परवान्याचा. विंडोजचा परवाना मुख्यतः मदरबोर्डास बांधलेला असतो. स्वतंत्रपणें विकत घेतलेला परवाना एका वेळीं एकाच यंत्रावर, या अटीवर, नव्या यंत्रास नेतां येतो. त्यासाठीं तो जुनें यंत्र चालू असतांनाच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यास जोडून ठेवावा. तयार संगणकाबरोबर आलेला परवाना मात्र सामान्यतः त्या यंत्राबरोबरच संपतो. पैशांचा अंदाज करितांना पालकांनीं हा खर्च आधींच धरावा. तो न धरल्यामुळेंच शेवटीं त्या तिसऱ्या मित्राचा पेनड्राइव्ह गोड वाटूं लागतो.

त्या पेनड्राइव्हविषयीं आम्हांस स्पष्ट बोललें पाहिजे. परवान्याचें कुलूप फोडून वांटलेली कार्यप्रणाली ही चोरीची वस्तु होय. आठवी आज्ञा पाठ असणाऱ्यास याहून अधिक सांगणें नलगे. पण ज्यास धर्माचें बोलणें नको असेल, त्यानें व्यवहाराचा विचार करावा. कुलूप फोडणारे हे प्रोग्राम बहुधा प्रथम विषाणुरोधक बंद करावयास सांगतात. जो पाहुणा घरांत शिरण्यापूर्वीं पहारेकऱ्यास घालवून द्या म्हणतो, त्याचा हेतु काय असेल? याच संगणकावरून पुढें बँकेचे व्यवहार व्हावयाचे असतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयाचे असतात. परवाना परवडत नसेल तर लाज वाटण्याचें कारण नाहीं. डेबियन व उबुंटू यांसारख्या लिनक्स कार्यप्रणाली विनामूल्य व राजरोस मिळतात. १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या व १९९१ मध्यें परम ८००० हा महासंगणक घडविणाऱ्या सी-डॅक या आपल्या संस्थेनेंहि डेबियनच्या पायावर बॉस नांवाची कार्यप्रणाली २००७ मध्यें प्रसिद्ध केली. तींत मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. २०१८ पासून प्रोटॉन नांवाच्या साधनामुळें विंडोजसाठीं केलेले पुष्कळ खेळहि लिनक्सवर चालूं लागले आहेत. सर्वच चालत नाहींत. वॅलोरंट चालत नाहीं. आपला आवडता खेळ चालतो कीं नाहीं, हें आधीं पाहून मग निवड करावी.

चौथा भाग खेळांचा. आणि येथें थोडें अंकगणित उपयोगी पडतें. आजकाल एकेक मोठा खेळ १०० गिगाबाइटांचा असतो. सेकंदास २० मेगाबिट वेगाची जोडणी असेल, तर १०० गिगाबाइट म्हणजे ८,००,००० मेगाबिट. त्यांस ४०,००० सेकंद, म्हणजे अकरा तासांहून अधिक वेळ लागेल. मोबाइलवर दिवसास २ गिगाबाइट मिळत असतील, तर पन्नास दिवस! तोच खेळ सेकंदास १०० मेगाबाइट वेगाच्या बाहेरील चकतीवर उतरून घेतला तर सुमारें सतरा मिनिटें पुरतात. स्टीमचे खेळ दुसऱ्या चकतीवर असतील, तर नव्या विंडोजमध्यें स्टीम बसवून त्यास तें फोल्डर दाखविलें म्हणजे तो ते खेळ ओळखतो. खेड्यांतील मुलानें हें गणित आधींच करावें.

एवढें झाल्यावर प्रत्यक्ष कृति सोपी आहे. निदान ८ गिगाबाइटांचा एक रिकामा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यावरील सर्व कांहीं पुसलें जातें, हें ध्यानांत असावें. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील साधनानें त्यावर विंडोज उतरून घ्यावी. नव्या मदरबोर्डाच्या वायफायचा ड्रायव्हरहि त्यांतच ठेवावा. कारण विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तींत बसवितांनाच इंटरनेटची जोडणी मागितली जाते, आणि नवें वायफाय तिला ओळखतां आलें नाहीं तर काम तेथेंच अडतें. मग, आणि ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे, जिच्यावर कार्यप्रणाली बसवावयाची ती एक चकती ठेवून बाकीच्या सर्व चकत्या वीज बंद करून तारांसह काढून बाजूस ठेवाव्या. बसवितांना एका पडद्यावर चकत्यांची व त्यांच्या भागांची यादी येते. त्यांना नांवें नसतात, नुसते क्रमांक असतात. घाईंत चुकीच्या क्रमांकावर बोट पडतें, आणि वर्षांची छायाचित्रें एका क्षणांत नाहींशीं होतात. जी चकती जोडलेलीच नाहीं, ती चुकून पुसली जाऊं शकत नाहीं.

विजेचाहि विचार करावा. कार्यप्रणाली बसत असतां वीज गेली तर फारसें बिघडत नाहीं. पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा. परंतु बायोसची नवी आवृत्ति घालीत असतां वीज गेली, तर मदरबोर्डच निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून तें काम वादळी पावसाच्या दिवशीं करूं नये. यूपीएस असल्यास तो जोडूनच करावें.

विंडोज सुरू झाल्यावर प्रथम मदरबोर्डाचे ड्रायव्हर, मग विंडोजच्या दुरुस्त्या, मग ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर व सर्वांत शेवटीं खेळ, हा क्रम ठेवावा. मराठी कळफलक भाषेच्या मांडणींत जाऊन पुन्हां जोडावा लागतो, हें विसरूं नये. आणि शक्य असेल तर जुनी चकती न पुसतां निदान महिनाभर कपाटांत तशीच ठेवावी. काय राहून गेलें हें माणसास बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या आठवड्यांत आठवतें.

पालकांस एक विनंति. मुलगा संगणक उघडून बसला म्हणजे "खेळांत पैसे घालवितो" एवढेंच म्हणून त्यास रागावूं नका. जो मुलगा आज मदरबोर्ड बसवितो, तो उद्यां दुसऱ्याचें यंत्र दुरुस्त करून पोट भरूं शकतो. फक्त त्याच्याजवळ बसून त्यास तो एक प्रश्न विचारा, आणि वहींत उत्तर लिहून घ्या.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें शनिवारचा संबंध दिवस प्रती करण्यांत घालविला व रविवारीं उपासनेनंतर नवे भाग बसविले. सोमवारीं तो पुन्हां आला, तेव्हां त्याच्या हातांत एक पेनड्राइव्ह होता. गाण्यांची एक प्रत घरीं, दुसरी मामाकडे साकोलीस, आणि तिसरी शाळेनें ठेवावी अशी त्याची इच्छा होती. आम्हीं ती उघडून पाहिली. मागून पावसाचा आवाज येतो, मधेंच कोणी बाई हंसते, आणि म्हातारीचा सूर त्या सर्वांच्या वर स्पष्ट ऐकूं येतो. यंत्रें दर पांच-सहा वर्षांनीं बदलावींच लागतात, आणि बदलावींत. त्यांत आपण ज्याचे केवळ कारभारी आहों, तें मात्र बदलण्यापूर्वीं मोजून बाहेर काढून ठेवावें.